दिवाळीचा सोऱ्या, नाताळच्या कुकीज

दिवाळीचा फराळ संपत आला की सोऱ्या घासूनपुसून माळ्यावर जातो, तो थेट पुढच्या वर्षीच खाली उतरतो. यंदा त्याला डिसेंबर संपेपर्यंत हाताशी राहू द्या. चकलीची चांदणी असलेल्या त्याच चकतीतून नाताळसाठी फार देखण्या कुकीज पडतात. त्यात नारळ, अननस, आंबा, लिंबू या आपल्या मातीतल्या चवी उतरल्या की त्या विकतच्या कुठल्याच बिस्किटासारख्या लागत नाहीत. गेली बारा वर्षं मी त्या करते आहे. त्यातली निम्मी वर्षं चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात गेली. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साच्यातून दाबून काढायच्या कुकीज ही मुळात जर्मनी आणि स्वीडन-नॉर्वेकडची नाताळची रीत. जर्मनीत त्यांना ‘श्प्रिट्झगेबेक’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘श्प्रिट्झन’चा अर्थ पिचकारी मारणं. नाताळच्या आधीच्या आगमनकाळात तिथे घरोघरी या कुकीज होतात. कित्येक घरांत त्यासाठी खिमा काढायच्या हातयंत्राच्या तोंडाला नक्षीची पट्टी लावतात, मूठ फिरवतात आणि बाहेर पडणारी लांब पट्टी बोटाबोटाएवढी कापून घेतात. आपल्या सोऱ्याचं काम याहून वेगळं काय असतं?

आता या कुकीजची जातकुळी पाहा. बटर भरपूर, साखर बेताची, पाणी जवळजवळ नाहीच आणि बेकिंग पावडर अजिबात नाही. बटरच्या मोहनामुळे कुकी खुसखुशीत होते. पाणी नसल्यामुळे मैद्याला चिवटपणा येत नाही. फुगवणारं काही नसल्यामुळे सोऱ्याने उमटवलेल्या कडा भाजल्यावरही तशाच राहतात. या तिन्ही गोष्टी जपल्या तर कुकी साधते. अडचण अशी की आपल्याकडची फळं रसाळ. रस म्हणजे पाणी, आणि या पिठाचं पाण्याशी जमत नाही.

पहिल्या वर्षी मी डब्यातल्या अननसाच्या फोडी मिक्सरमधून काढून सरळ पिठात घातल्या. पीठ सैल झालं म्हणून मैदा वाढवला. मैदा वाढल्यावर बटर कमी पडलं आणि कुकीज चामट झाल्या. फळाच्या धाग्यांनी चकतीची भोकं बुजली ती वेगळीच. त्या दिवशी जे कळलं तेच मी आजवर पाळत आले आहे: फळाची चव हवी असेल तर आधी त्याचं पाणी घालवा आणि धागा घालवा. बाकी सगळी कृती यानंतर.

अननसापासून सुरुवात करू. हे फळ आणि त्याचं नाव, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. पिकलेल्या अननसाचा रस काढून गाळून घ्या. एक मोठी वाटी, म्हणजे साधारण २४० मिलीलीटर, रस पुरतो. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर तो आटवायला ठेवा. पहिली दहा मिनिटं वर फेस येईल, तो काढून टाका. मग रस हळूहळू सोनेरी होऊ लागतो, उकळीचे बुडबुडे मोठे आणि संथ होतात, चमच्यावरून थेंब सुटण्याऐवजी मधासारखी तार ओघळते. इथे आच बंद करायची. दोन मोठे चमचे दाट पाक उरला पाहिजे. याच्या पुढे गेलात तर गार झाल्यावर तो चिक्कीसारखा कडक होतो. आटवण्याचा आणखी एक फायदा असा की कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ते उष्णतेने निकामी होतं. शिवाय अननसाच्या आंबटपणामुळे कुकीवर रंग उशिरा चढतो. म्हणून पाकात अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. तो फसफसेल आणि बसेल. चिमटीपेक्षा जास्त मात्र नको, नाहीतर कुकी पसरते आणि तोंडात साबणासारखी चव रेंगाळते.

नारळाचं तंत्र वेगळं. ओलं खोबरं इथे चालत नाही. बाजारात मिळणारा डेसिकेटेड कोकोनट घ्या किंवा घरचं सुकं खोबरं पाठीवरची काळी साल खरवडून, बारीक किसून घ्या. ते मंद आचेवर दोन-तीन मिनिटं नुसतं गरम करा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त ओल उडायला हवी. पूर्ण गार झालं की पाककृतीतल्या पिठीसाखरेपैकी निम्मी साखर त्यात घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. साखर सोबत असली की खोबऱ्याला सुटणारं तेल ती शोषून घेते. नुसतं खोबरं सलग फिरवलं तर भुग्याऐवजी चिकट गोळा हाती येतो. शेवटी मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीत राहिलेला भरड किस फेकू नका, तो कुकीवर भुरभुरायला कामी येतो. आणि खोबरं घालण्याआधी चाखून पाहा. खवट खोबऱ्याचा वास भाजल्यावर दुप्पट होतो, तो कुठल्याही वेलचीने झाकत नाही.

आंबा डिसेंबरात कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. डब्यातला आमरस मिळतो, पण त्यात पाणी भरपूर आणि आटवताना तो बुडाला फार लवकर लागतो. त्यापेक्षा कोकणातली आंबापोळी शोधा. उन्हात वाळवलेला हापूसचा रस म्हणजे पाणी आधीच घालवलेला आंबा. कोकणातल्या बायकांनी मे महिन्याच्या उन्हात हे काम आपल्यासाठी करून ठेवलेलं असतं. ८० ग्रॅम आंबापोळीचे कात्रीने बारीक तुकडे करा, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडक झाले की दोन चमचे पिठीसाखरेबरोबर मिक्सरमधून झटपट काढा. फार वेळ फिरवलंत तर भांडं तापून पुन्हा गोळा होतो. हा भुगाही चाळूनच घ्यायचा. आंब्याबरोबर मला जायफळ आवडतं. वेलची आंब्यावर मात करते असं माझं मत, पण तुमच्या घरी वेलचीशिवाय चालत नसेल तर अगदी किंचित घाला.

लिंबासाठी काहीच खटपट नाही. दोन लिंबांची फक्त हिरवी-पिवळी साल बारीक किसणीवर किसा आणि तो किस साखरेत बोटांनी चोळा. सालीतलं तेल साखरेत उतरतं, साखर ओलसर आणि सुवासिक होते. पांढरा भाग किसलात तर कडू होईल. नारळ आणि लिंबू ही जोडी पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सर्वांत सोपी.

आता मूळ प्रमाण, अननस-नारळाचं. बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, एका अंड्याचं पिवळं बलक, वर सांगितलेला अननसाचा दोन मोठे चमचे पाक, मैदा २४० ग्रॅम आणि चाळलेलं खोबरं ४० ग्रॅम. यात साधारण साठ कुकीज होतात. कृपा करून वजनकाटा वापरा. वाटीने मैदा मोजला तर दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. या पिठात तेवढ्यानेही कुकी बिघडते. बटर नेहमीचं पिवळं, खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी मला कितीही प्रिय असलं तरी इथे ते नको, कारण त्यात ताक राहिलेलं असतं. तुपाने नानकटाई उत्तम होते, पण तुपाच्या पिठाला कडा धरवत नाहीत.

अंडं चालत नसेल तर बलकाऐवजी दीड मोठा चमचा नारळाचं दाट दूध घाला, पहिल्या पिळीचं. चव आणखी नारळाची होते. कुकी थोडी जास्त ठिसूळ बनते, म्हणून डब्यात भरताना जपावं लागतं एवढंच.

आंब्याच्या कुकीज करायच्या तर पाक वगळून चाळलेला आंबापोळीचा भुगा घाला, आणि भुग्यात गेलेले दोन चमचे पिठीसाखर एकूण साखरेतून कमी करा. पाकाचा ओलावा नसल्यामुळे एखादा चमचा नारळाचं दूध जास्त लागेल. लिंबाच्या कुकीजमध्येही पाक नाही, त्यामुळे तीच सूचना.

कृती आखूड आहे. मऊ बटर आणि उरलेली पिठीसाखर तीन-चार मिनिटं फेटा. मिश्रण फिकट व्हायला हवं, पण केकसारखं हवेने फुगवायचं नाही. जास्त हवा शिरली की भाजताना कुकी बसते. बलक आणि पूर्ण गार झालेला पाक घालून एकजीव करा. खोबरं आणि चाळलेला मैदा घालून उलथण्याने कापल्यासारखं मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. कणकेसारखं मळायचा मोह होतो, तो आवरा.

यापुढे सगळं तापमानावर आहे, आणि या एका मुद्द्यावर मी कितीही वेळ बोलू शकते. पीठ फार गार असेल तर सोऱ्याची मूठ फिरत नाही आणि जोर लावलात तर चकतीच्या कडेने पीठ वर येतं. फार गरम असेल तर चांदणीच्या कडा ट्रेवर पडता पडताच विरघळू लागतात. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ओट्यावर ठेवलेलं बटर दोन तासांनीही जेमतेम मऊ होतं. मुंबईत, वसईत, गोव्यात दुपारी त्याच बटरचं तूप व्हायची भीती. म्हणून घड्याळ पाहू नका, बोट वापरा. पिठात बोट टेकवलं की थंडावा जाणवला पाहिजे, पण दाबल्यावर विनासायास खळगा पडला पाहिजे, आणि बोट वर घेतल्यावर त्याला तुपकट चकाकी दिसता कामा नये. किनारपट्टीवर राहत असाल तर सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर हे काम काढा. एका वेळी निम्मं पीठच बाहेर ठेवा, उरलेलं फ्रिजच्या दारात.

सोऱ्या तयार करणं हेही एक काम आहे. दिवाळीची चकली, शेव यांतला ओवा, हिंग, तिखट यांचा वास चकत्यांच्या भोकांत आणि झाकणाच्या आट्यांत दडून बसतो. कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशने आटे घासा, मग उन्हात कोरडा करा. पाण्याचा थेंबही आत नको. पितळेचा सोऱ्या असेल तर अननसाचं किंवा लिंबाचं पीठ त्यात भरून ठेवू नका, आंबटामुळे पितळेची चव पिठात उतरते. भरलं की लगेच पाडायचं. स्टीलच्या सोऱ्यात ही काळजी नाही.

बाजारात आता कुकी पाडायची पिचकारीही मिळते. तिची मूठ एकदा दाबली की एक आख्खी कुकी पडते, झाडाची, फुलाची, तोरणाची नक्षी असलेली. ती असेल तर छानच. पण सोऱ्याची गंमत तिला नाही. सोऱ्यातून सलग दोर पडतो आणि त्याचं काय करायचं हे हातात राहतं. बोटभर लांबीचे तुकडे कापा, इंग्रजी एससारखे वळवा, किंवा टोकाला टोक जोडून कडी करा. कडीवर हिरव्या-लाल टूटीफ्रूटीचे दोन-तीन दाणे दाबले की नाताळचं तोरण तयार. टूटीफ्रूटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपईच, तेव्हा तीही आपल्या चवींच्या कुटुंबातलीच.

पाडताना ट्रेला तूप लावायचं नाही, बटर पेपरही घालायचा नाही. केकची सवय असलेल्यांना हे पटत नाही, पण कुकीच्या पिठाला कोरड्या धातूची पकड हवी असते. तुपकट ट्रेवर दोर सुटतो, सोऱ्याबरोबर वर उचलला जातो आणि तुमची चिडचिड होते. साधा ॲल्युमिनियमचा, पूर्ण गार ट्रे घ्या. कुकीत एवढं बटर आहे की भाजल्यावर ती आपोआप सुटते.

पहिला दोर पडला की दोन क्षण थांबून त्याच्याकडे नीट बघा. चांदणीचे कंगोरे धारदार आणि ओळीने सलग दिसले तर पीठ बरोबर. कंगोऱ्यांवर करवतीसारखे बारीक दाते आले, दोर मधूनच तुटला, तर पीठ कोरडं आहे. चकली तुटल्यावर आपण पाण्याचा हात लावतो, तसं इथे पाणी लावायचं नाही. एक छोटा चमचा नारळाचं दूध घालून हलकेच मिसळा, किंवा पीठ नुसतं दोन मिनिटं तळहातांत धरा. बऱ्याचदा ते कोरडं नसतं, गार असतं. उलट कंगोरे बोथट, चकचकीत दिसले तर पीठ तापलं आहे. त्यात मैदा घालू नका, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. इथे मैदा वाढवणं ही माझ्या पहिल्या वर्षाची चूक, ती तुम्ही करू नका.

पाडून झालेला ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये जाऊ द्या. ट्रे मावत नसेल तर स्टीलच्या पसरट ताटल्यांवर पाडा. या पंधरा मिनिटांना पर्याय नाही. बाहेरून कडक झालेली कुकी गरम ओव्हनमध्ये गेली की बटर वितळायच्या आत मैदा आकार धरतो.

ओटीजी १८० अंश सेल्सियसवर पंधरा मिनिटं आधी तापवा, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू. ट्रे मधल्या खणात ठेवा. खोबऱ्याच्या कुकीज लवकर रंग धरतात, त्यांना १७० अंश बरे. दहा ते बारा मिनिटं लागतात, पण सहाव्या मिनिटाला ट्रे फिरवून ठेवा, कारण घरगुती ओटीजीची मागची बाजू जास्त तापते. कुकीचा वरचा भाग फिकाच राहायला हवा, फक्त कडांना गव्हाळ रंग आणि बुडाला बदामी. बाहेर काढल्यावर ती मऊ वाटेल. लगेच हात लावू नका. पाच मिनिटांनी पातळ उलथण्याने काढून जाळीवर ठेवा. दुसरी खेप गरम ट्रेवर पाडायची नाही. ट्रे पालथा करून तळाला नळाचं पाणी सोडा, पुसा, मग वापरा.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोडाधोडाच्या ताटाला कुस्वार म्हणतात. त्यात दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, रवा-खोबऱ्याची बोलिन्हा असतात. मानाची बेबिंका तर नारळाच्या दुधात, थरावर थर भाजत केलेली. दिवाळीला हिंदू शेजाऱ्यांकडून फराळाचं ताट येतं आणि नाताळला कुस्वार त्यांच्याकडे जातं. वसईच्या वाड्यांतही ही देवाणघेवाण आहे. दिवाळीत आलेल्या ताटाची परतफेड म्हणून अशा ताटात तुमच्या हातच्या कुकीज ठेवल्या तर त्या उपऱ्या वाटत नाहीत, कारण नारळ त्या ताटाचा मूळपुरुषच आहे. ताटात मांडताना एक लक्षात ठेवा: दोदोलसारख्या ओलसर गोडाशेजारी कुकीज ठेवल्या तर तासाभरात सादळतात. त्यांना वेगळी कागदी वाटी द्या.

वर चकाकी हवी असेल तर १०० ग्रॅम पिठीसाखरेत तीन छोटे चमचे लिंबाचा रस घालून दाट लेप करा. कुकीचं एक टोक त्यात बुडवून वर राखून ठेवलेला भरड खोबऱ्याचा किस भुरभुरा. लेप पूर्ण सुकायला तीन-चार तास लागतात. समुद्राकाठी रात्रभर पंख्याखाली ठेवावं लागतं. अर्धवट सुकलेल्या कुकीज डब्यात घातल्या तर एकमेकींना चिकटतात.

टिकण्याचं म्हणाल तर पूर्ण गार झालेल्या कुकीज घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, दोन आठवडे खुसखुशीत राहतात. कोमट असताना भरल्या तर दुसऱ्या दिवशीच मऊ. सादळल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. लेप दिलेल्या कुकीजना हा उपाय चालत नाही. तीन चवींच्या कुकीज एकाच डब्यात ठेवू नका. लिंबाचा वास आंब्यात शिरतो.

ओव्हन नसेल तर नानकटाईची जुनी पद्धत चालते. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर तिपाई, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची, मग छोट्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत सात-आठ कुकीज मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटं. वरून आच नसल्यामुळे कुकीज पांढऱ्याच राहतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका, बूड पाहून ठरवा. साठ कुकीजना अख्खी दुपार जाईल, तेवढी तयारी ठेवा.

काम दिवसांत वाटून घ्यायचं तर असं: १८-१९ डिसेंबरला पाक आटवून, खोबरं दळून, आंबापोळीचा भुगा करून बाटल्यांत भरा. २१ला पीठ करा आणि चपटे गोळे थापून, घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. चपटे का, तर गोल गोळा बाहेरून मऊ होतो तेव्हा आतून दगड असतो. २२ला सकाळी गोळे बाहेर काढा आणि चहा-नाश्ता उरकेपर्यंत ओट्यावर राहू द्या. लेप द्यायचा असेल तर २३ची रात्र सुकण्यासाठी राखून ठेवा. २४ला संध्याकाळी डबे भरा. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतलेल्या माणसांना थंडीत गरम चहा लागतो. त्या चहाबरोबर द्यायच्या कुकीज वेगळ्या छोट्या डब्यात आधीच काढून ठेवा, म्हणजे ताटांसाठी भरलेले डबे उघडावे लागणार नाहीत.